डाव्या कानातला मणी

त्या पठारावर वर्षातले सात महिने धुके असे, आणि धुक्यात मेंढ्या हरवत. दर वर्षी पाच-सहा जात. काही कड्यावरून खाली पडत, काही चुकून पलीकडच्या दरीत उतरत. दरीत लांडग्यांची वस्ती होती. तिकडून कुणी परत आल्याचे कळपात कुणाला आठवत नव्हते.

कवडी नावाच्या मेंढीचे कोकरू असेच गेले. ते अकरा दिवसांचे होते. सकाळी ते तिच्या पायाशी होते आणि धुके उतरल्यावर नव्हते. दोन दिवस त्याचा आवाज येत राहिला. कधी डावीकडून येई, कधी मागून, कधी अगदी जवळून. कवडी आवाजाच्या दिशेने धावे आणि तिथे दगड असे. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. त्यानंतर वर्षभर ती चरता चरता मध्येच मान वर करी आणि ऐकत उभी राही. कळपातल्या मेंढ्या अशा वेळी तिच्याशी बोलत नसत. तिच्या दुःखाचा सगळ्यांना धाक होता, आणि म्हणून तिच्या शब्दालाही वजन होते.

पुढच्या वर्षी नदीपलीकडून एक ढोक आला. लांब चोचीचा, उंच पायांचा, शांत स्वभावाचा पक्षी होता तो. त्याने आपल्याबरोबर एक पोकळ खांब आणला होता, एक हलकी काठी आणली होती आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या मण्यांची थैली आणली होती. नदीतल्या एका डोहात निवांत मासे धरू द्यावेत, एवढेच त्याचे मागणे होते.

"हा मणी मुका आहे," ढोक कळपाला म्हणाला. "त्याच्यात स्वतःचा दम नाही. हा खांब हाक मारतो. ती हाक तुम्हाला ऐकू येणार नाही, पण मण्याला लागते. हाकेतूनच मणी थोडा दम घेतो आणि त्या दमावर आपला आकडा सांगतो. हाक थांबली की पुन्हा मुका. त्याला ना खायला लागतं, ना प्यायला. तुमच्या कानात तो वर्षानुवर्षं पडून राहील."

"आणि ही काठी?" काजळ्याने विचारले. काजळ्या हा कळपाचा राखण करणारा कुत्रा.

"खांब एका जागी उभा राहतो. काठीही तशीच हाक मारते आणि आकडे ऐकते, पण ती तोंडात धरून हिंडता येतं. मणी जवळ आला की काठी थरथरते. ज्या बाजूला थरथर जास्त, त्या बाजूला मेंढी."

कवडीने त्या काठीकडे बराच वेळ पाहिले.

पहिल्या दिवशी वीस मेंढ्यांनी मणी बसवून पाहिले. खांबाने हाक मारताच वीसही मणी एकदम बोलले आणि खांबाला नुसता गलका ऐकू आला. ढोक गडबडला नाही. त्याने खांबाला निराळे विचारायला शिकवले. ज्यांचा आकडा एकाने सुरू होतो तेवढ्यांनीच बोलावे. त्यातही गर्दी झाली तर त्यांतल्या ज्यांचा दुसरा अंक अमुक, तेवढ्यांनीच. असे करत करत एकच उरला की त्याचा आकडा ऐकून घ्यायचा, त्याला गप्प राहायला सांगायचे आणि पुढच्याकडे वळायचे. हे इतक्या झटपट होई की मेंढीने तोंडातला घास गिळायच्या आत अख्खा कळप मोजून झालेला असे. मेंढवाड्याच्या दारातच खांब रोवायचे ठरले. मण्याने आकडा सांगितला तरच दार उघडेल, म्हणजे कोण आत आले आणि कोण राहिले हे रोज कळेल. खांब आणि काठी काजळ्याच्या ताब्यात द्यायची होती.

त्याच दिवशी दुपारी कवडी एकटीच डोहापाशी गेली. ढोक एका पायावर उभा होता.

"बुवा, एक विचारू? हाक कुणाची आहे हे मण्याला कळतं का?"

"नाही."

"मग दुसऱ्याच कुणी हाक मारली तर?"

"ज्याच्याकडे खांब असेल, काठी असेल, त्याला मणी उत्तर देईल. मण्याला नाही म्हणता येत नाही."

"आधी ‘तू कोण’ म्हणून विचारणारा मणी नसतो का?"

"असतो. पण तो घडवायला वेळ लागतो आणि कानाला जड होतो. तुम्ही हलका मागितलात."

कवडी परत फिरली. वाटेत तिने ठरवले की हे आता कुणाला सांगायला नको. सांगितले तर निम्म्या मेंढ्या घाबरतील, आणि येत्या धुक्यात पुन्हा कुणाचे तरी कोकरू जाईल. दुसरी काठी येणार तरी कुठून, असेही तिने स्वतःला समजावले. मग ती एकेकीकडे गेली आणि आपल्या कोकराबद्दल बोलली. तो आवाज दोन दिवस कसा येत होता, ते तिने सांगितले. ऐकणाऱ्या मेंढीने नाही म्हणणे शक्यच नव्हते.

शेवटी मोरी राहिली.

मोरी काळ्या तोंडाची, वयाने कवडीपेक्षा लहान, आणि लपण्यात पठारावर पहिली. लांडगे वर आले की बाकीच्या पळत सुटत. मोरी वाऱ्याची दिशा बघे, करवंदीच्या जाळीत शिरे आणि तिथे दगडासारखी होई. तिची सख्खी बहीणसुद्धा तिला शोधू शकत नसे. अशी लपून लपून तिने चार कोकरे वाढवली होती. सर्वांत धाकटी टिकली अजून तिच्या अंगाला चिकटून असे.

"अक्का, मी आजवर वाचले ती गप्प बसून," मोरी म्हणाली. "माझ्या कानात बोलणारं काही नको."

"अगं, तो फक्त आपल्या खांबाशी बोलतो," कवडी म्हणाली. "दुसऱ्या कुणाशी नाही."

हे वाक्य बोलताना तिला काहीच जड गेले नाही. पुढे सगळ्यात जास्त लाज तिला याच गोष्टीची वाटत राहिली.

मोरीने थोडा वेळ तिच्याकडे पाहिले. "तू म्हणतेस म्हणून," ती म्हणाली आणि तिने डावा कान पुढे केला.

त्या वर्षी धुक्यात एकही मेंढी गेली नाही. एकदा नुकताच मणी बसवलेले एक मोठे कोकरू कपारीत अडकले. काजळ्या काठी तोंडात धरून निघाला, काठी थरथरली आणि घटकाभरात कोकरू आईपाशी आले. ती आई कवडीकडे येऊन तिच्या खांद्याला तोंड घासून गेली. कवडीला रडू आले. आपण केले ते बरोबरच केले, असे तिला त्या दिवशी वाटले.

उन्हाळ्यात धुके विरले, आणि लांडगे वर आले.

भर दुपार होती. कळप उधळला. कवडी धावत एका उंच खडकावर चढली आणि तिथून तिला खालचे सगळे दिसले. लांडगे तीन होते. ते पळणाऱ्या मेंढ्यांच्या मागे लागले नाहीत. मधल्याच्या तोंडात एक काठी होती. तो चार पावले चाले, थांबे, मान डावीकडे-उजवीकडे करी आणि पुन्हा चाले. करवंदीच्या जाळीसमोर काठी थरथरली. वारा जाळीकडून लांडग्यांकडे वाहत नव्हता. जाळीत पानही हलले नव्हते. लांडगे सरळ आत शिरले.

मोरीचा आवाज एकदाच आला.

संध्याकाळी मेंढ्या मेंढवाड्यात गोळा झाल्या. मोरी सापडलीच कशी, हे कुणाला समजेना. कुणी म्हणाली, टिकली ओरडली असेल. टिकली म्हणाली की ती आईजवळ नव्हतीच, ती दुसऱ्यांबरोबर पळाली होती. मग सगळ्यांनी कवडीकडे पाहिले, कारण ती उंचावर होती.

"वारा फिरला असेल," कवडी म्हणाली.

आणि सगळ्यांना ते पटले.

आई गेल्यावर टिकली कवडीजवळ राहू लागली. आईचा जिच्यावर विश्वास होता तिच्याकडे जायचे, एवढेच तिला ठाऊक होते. दुपारी ती कवडीच्या कुशीला डोके टेकून झोपे. कवडी हलत नसे. पाय बधिर झाले तरी ती तशीच बसून राही, आणि तेवढ्याने काहीतरी फिटत असल्यासारखे तिला वाटे.

चौथ्या दिवशी ती डोहापाशी गेली.

"लांडग्यांना काठी तुम्ही दिलीत?"

"त्यांनी मागितली," ढोक म्हणाला. "त्यांच्या बाजूच्या डोहात मासे जास्त आहेत."

"आम्हाला काही सांगितलं नाहीत."

"तू विचारलंस तेव्हा मी सगळं सांगितलं होतं."

पाण्यात ढोकाचा पाय दिसत होता, आणि त्याच्याभोवती लहान मासे निर्धास्त फिरत होते.

"मणी गप्प कसा करायचा?" तिने विचारले.

"आता तो मांसात रुजला. काढायचा तर कान फाटेल, आणि कान फाटलेल्या मेंढीला खांब ओळखणार नाही. दार उघडणार नाही. दुसरा उपाय पाण्याचा. पाण्यातून हाक जात नाही. कान बुडवला की तेवढ्यापुरता मणी नसल्यासारखाच."

हे कळपाला सांगायला हवे होते. ती सांगायच्या तयारीने परत आलीही. पण पाण्याचा उपाय सांगितला की कशावर उपाय, हे सांगावे लागणार. आणि ते सांगितले की केव्हापासून माहीत होते, हे कुणीतरी विचारणार. तिने मनातल्या मनात बरेच शब्द जुळवून पाहिले. ढोकाने आपल्याला फसवले, असे म्हणता आले असते. पण ढोकाने फसवले नव्हते. आज नको, उद्या बोलू, असे करता करता दोन महिने गेले.

तिने एक केले. आपल्या शब्दाच्या वजनावर तिने कळप नदीकाठच्या कुरणात चरायला नेणे सुरू केले. इथले गवत चांगले आहे, असे ती म्हणे. गवत बरे होते, पण चांगले नव्हते. मेंढ्या तरीही येत. एक म्हातारी मात्र तिथे यायला कंटाळली आणि वरच्या दाट गवतात निजून राहिली. संध्याकाळी खांबाच्या मोजणीत तिचा आकडा आला नाही. याही वेळी कवडी काही बोलली नाही.

त्याच महिन्यात टिकलीला मणी बसवायची वेळ आली, कारण वय भरल्यावर मण्यावाचून दार उघडत नसे. काजळ्याने कान टोचला. टिकलीने अंग चोरू नये म्हणून तिची मान धरायला कुणीतरी हवे होते. ती कवडीने धरली.

मग धुके परत आले. पहिल्याच धुक्याच्या सकाळी कळप नदीकाठी होता. दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते. वरच्या अंगाला एक दगड घरंगळला आणि मेंढ्यांच्या कानांना ती पावले कळली. यंदा कुणी पळाले नाही. मोरीची रीत आता सगळ्यांनी उचलली होती. मेंढ्या लव्हाळ्यात शिरल्या, दगडांआड बसल्या आणि त्यांनी श्वास रोखले. टिकली तर इतकी निश्चल बसली होती की कवडीला क्षणभर मोरीच दिसली.

धुके जरा हलले. कवडीला समोर लांडग्याचे तोंड दिसले आणि तोंडातली काठी दिसली. काठी हळूहळू लव्हाळ्याकडे वळत होती.

कवडी उठून उभी राहिली.

"लपू नका," ती ओरडली. "पाण्यात चला. सगळ्यांनी डावा कान पाण्यात बुडवा आणि वर काढू नका. मी सांगते तसं करा."

तिच्या शब्दाला अजून वजन होते. मेंढ्या नदीत उतरल्या. थंड पाण्यात मानेपर्यंत जाऊन त्यांनी डोकी आडवी केली, आणि कवडीनेही केले. पाण्याबाहेर एकेक उजवा कान, एकेक उजवा डोळा आणि नाकाचे टोक तेवढे राहिले. लांडगे काठावर आले. धुक्यात त्यांना काही दिसेना. पाण्यावरून वासही येईना. ज्याच्या तोंडात काठी होती तो काठाकाठाने वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. काठी नुसत्या लाकडासारखी होती. एकदा तो टिकलीपासून पाच पावलांवर उभा राहिला. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने पावले उतारावर दूर गेली.

मेंढ्या बाहेर आल्या, तेव्हा ऊन पडू लागले होते. सगळ्या कुडकुडत होत्या, आणि एकही कमी नव्हती. दोघी-तिघी कवडीच्या जवळ सरकल्या. तिच्यामुळे वाचलो, हे त्यांच्या चेहऱ्यावर होते, आणि ते चेहरे बघणे कवडीला सोसवेना.

टिकली अंग झाडून तिच्यासमोर आली.

"मावशी, कान बुडवायचा, हे तुला कुणी सांगितलं?"

"ढोकानं."

"कधी?"

काल, असे म्हणता आले असते. पाणी कवडीच्या हनुवटीवरून ठिबकत होते.

"तुझी आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी."

मग कवडी आपणहून बोलू लागली. तिने खडकावरून पाहिलेली काठी सांगितली. वारा फिरला नव्हता, हे सांगितले. वरच्या गवतातल्या म्हातारीचे सांगितले. आणि मग त्याच्याही मागे जाऊन, पहिल्या दिवशी डोहापाशी तिने काय विचारले आणि ढोकाने काय उत्तर दिले, ते शब्दाला शब्द सांगितले. तिचा आवाज चढला नाही की कापला नाही. सांगताना ती जमिनीकडे पाहत होती. ओल्या मातीत सगळ्यांच्या खुरांचे ठसे एकमेकांत मिसळले होते.

"आईनं तुला विचारलं होतं का?" टिकली म्हणाली. "मणी घेण्याआधी?"

"ती नको म्हणाली होती. तो फक्त आपल्याच खांबाशी बोलतो, असं मी तिला सांगितलं."

"तुला माहीत असताना."

"माहीत असताना."

एक वयस्क मेंढी मध्ये पडली. "जाऊ दे गं, टिकले. तिचंही कोकरू गेलं होतं. आणि आम्हाला खरं सांगितलं असतं, तरी आम्ही मणी घेतलाच असता."

"माझ्या आईनं नसता घेतला," टिकली म्हणाली.

टिकलीने कवडीकडे पाहिले. तिच्या नजरेत राग असता तर कवडीला बरे वाटले असते.

"मावशी, यापुढे तू पाण्यात येऊ नकोस," टिकली म्हणाली आणि दुसऱ्या मेंढ्यांमध्ये जाऊन उभी राहिली.

कवडीला कळपातून कुणी काढले नाही. तिला कुणी वाईटही बोलले नाही. मण्यांचे काय करायचे, यावर दोन दिवस बोलणे झाले आणि मग थांबले. दार मण्यावाचून उघडत नव्हते, आणि धुके होतेच. संध्याकाळी खांब हाक मारी, मणी आकडे सांगत, मेंढ्या आत जात. कवडीच्या मागे-पुढे मात्र आता एकेका मेंढीची जागा मोकळी राहू लागली. चरताना तिने मान वर केली तर पूर्वीसारखे कुणी गप्प होत नसे. बोलणे चालूच राही.

एक गोष्ट नवीन सुरू झाली. दुपारी पाणी पिऊन झाले तरी मेंढ्या लगेच वर येत नसत. कुणी ठरवले नव्हते. एकीने केले, मग दुसरीने. त्या पाण्यात थोडे पुढे जात, डोके आडवे करत, डावा कान बुडवत आणि तशाच पडून राहत. लांडगे आले नसले तरी. काहींचे डोळे मिटत. धुके असो की ऊन, रोज तेवढा वेळ त्या कुणाच्याच हाकेला लागत नसत. वर आल्यावर त्यांच्या चालीत एक सैलपणा असे आणि त्याबद्दल त्या आपसात काही बोलत नसत.

कवडी काठावर थांबे. नदीला टेकून एक उघडा, सपाट खडक होता. त्यावर ती उभी राही. पाणी तिच्या खुरांपासून हातभर होते. ती पाणी प्यायला वाके, तीही मान सरळ ठेवून, कान कोरडा राहील अशी.

काजळ्या आता दुपारीही चढावरून काठीने एकदा मोजणी करी, आणि त्या मोजणीत आकडे कमी भरतात, हे त्याच्या लक्षात आले. त्याने काठी पुसली, उन्हात वाळवली, आणि एका स्वच्छ दुपारी ती घेऊन तो स्वतः नदीवर आला. काठावर उभे राहून त्याने काठी समोर धरली. काठीने हाक मारली. एकाने सुरू होणारे बोलवले, दोनाने सुरू होणारे बोलवले, एकेक अंक घेऊन सगळे विचारून झाले. एकच मणी बोलला. काजळ्याने पुन्हा विचारायला लावले. पुन्हा तोच.

"बाकीच्या कुठं आहेत?" त्याने काठी पंजाखाली ठेवून कवडीला विचारले.

त्याच्या समोर, दहा-पंधरा पावलांवर, पाण्यावर आडवी टेकलेली दोनशे डोकी उन्हात चमकत होती. मधोमध टिकली होती. तिचा उजवा डोळा उघडा होता, आणि तो कवडीवर होता.

"मला नाही माहीत," कवडी म्हणाली.

काजळ्याची नजर काठीवरून हलली नाही. "एक," तो मोठ्याने म्हणाला, आणि नोंद पक्की करण्यासाठी त्याने काठी उचलून आणखी एकदा पुढे केली. पलीकडच्या टेकाडावरूनही याच वेळी लांडग्यांच्या काठीची हाक येत आहे की नाही, हे कवडीला कळायला काही मार्ग नव्हता. तिने अंगावरची माशीही झटकली नाही. खडकावर ती नीट उभी राहिली आणि तिने डावा कान थोडा वर धरला.